दगडाच्या काळजाची थॉमसिन

"मी दगड? मी वाघीण? मग तुला ताप भरला तेव्हा कोंबडीचा रस्सा कुणी पाजला रे, तुझ्या काव्यदेवीनं?"

थॉमसिन खिडकीतून अशी कडाडली की गल्लीतली डुकरंसुद्धा जागच्या जागी थिजली! खाली एम्ब्रोज, टोपी हातात धरून. मास्तराशी भांडून शाळा सोडली तेव्हापासून पठ्ठ्या छातीठोक सांगायचा, अख्ख्या लंडनात माझ्यासारखं सुनीत कुणाच्या बापाला जमणार नाही! आणि सुनीतातली बाई निष्ठुरच हवी. तिनं छळायचं, यानं मरायचं, हा रिवाजच. थॉमसिन मेणबत्तीवाल्या पेटिफरची लेक, मेणाहून मऊ. पण मऊ बाईवर चौदा ओळी निघायच्या कशा?

"अगं, ती कवितेतली!"

"नाव माझंच ना? गुत्त्यात जो तो तुझं सुनीत उतरवून घेतोय. काल मला मागणी घालणाऱ्या रशब्रुकची आई तोंडावर म्हणाली, असली कजाग सून नको आम्हाला!"

"बरं झालं! कटला तो रशब्रुक!"

"माझं नाक कापलं गेलं, गाढवा! आधी माझं नाव साफ कर. मग बाबांकडे तुझा विषय काढते."

विषय काढणार! एम्ब्रोज तीरासारखा गुत्त्यात गेला, बाकावर चढला आणि त्यानं नवं सुनीत ठणकावून म्हटलं. थॉमसिन दगड नाही, दयेचा झरा आहे! माझ्या बिछान्याशी बसली, घाम पुसला, मला कधी 'नाही' म्हणाली नाही!

तोच कोपऱ्यातून शिट्टी आली. "म्हणजे जमलं म्हणा की!"

एम्ब्रोजचं डोकं सटकलं. त्यानं सुरई भिरकावली. झालं! एवढा चिडलाय म्हणजे खरंच असणार! दगड म्हणून बदनाम होती तेव्हा निदान अब्रू तरी शाबूत होती पोरीची.

दुसऱ्या दिवशी धुक्यात तो पुन्हा खिडकीखाली आला. थॉमसिन ओरडली नाही.

"नॉरिचला धाडताहेत मला. मावशीकडे. तिथंच कुणाच्या तरी गळ्यात बांधतील."

"थांब गं! मी अजून एक लिहितो, त्यात सगळं..."

तिनं नुसतं बघितलं. डोळ्यांत ना राग, ना पाणी. मग खिडकी लावून घेतली, हळू, जशी मेलेल्याच्या घरात लावतात.

त्याच्या कविता पहिल्यांदाच खऱ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात खालचं दार उघडलं. मेण ढवळायचा दांडा घेऊन पेटिफर उंबऱ्यात उभा.

"या कवीमहाराज, आम्हालाही ऐकवा एखादी!"

"नको काका," एम्ब्रोज टोपी डोक्यावर कोंबत म्हणाला, "मला आता निघायलाच हवं!"