हिरीबाई काकूचा टेम्पो आणि माझं मॉडेल

माझं मॉडेल कधी चुकत नाही, असं मी आमच्या बॉस अंजू मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं!

मी पुण्याच्या कंपनीचं काम वाशीमजवळच्या रिठद गावी घरूनच करतो. हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर चालणारा भाजीचा टेम्पो बनवायचा आहे. तो आधी कॉम्प्युटरात, माझ्या मॉडेलमध्ये धावतो, तिथे जमला तरच लोखंडात उतरतो. त्यासाठी खऱ्या रस्त्याची माहिती हवी. कुठे वेग, कुठे ब्रेक, कुठे चढ! म्हटलं, आपली हिरीबाई काकू आहे की! रोज टेम्पो स्वतः हाकत वाशीमच्या बाजारात जाते.

जुना फोन तिच्या हातात दिला. "काकू, हा टेम्पोत ठेव. तू कुठं गेली, कुठं थांबली, किती वेळ थांबली, सारं मले समजते."

काकूचा चेहरा पाण्यात पडलेल्या पापडासारखा झाला. "सारं? तुया काकानं सांगतलं काय?"

"काकाचा काय संबंध? गाडी बनवाची हाय!"

"बरं," म्हणत तिनं फोन पदरात गुंडाळला.

संध्याकाळी फोन परत आला. माहिती मॉडेलात ओतली आणि मी खुर्चीतून उडालोच! हायड्रोजनच्या एका टाकीत टेम्पो महिनाभर चालणार! वेग कसा, कीर्तनाहून परतणाऱ्या आजोबांसारखा! दुसऱ्या दिवशी सगळ्या साहेबांसमोर ऑनलाइन मीटिंग.

मॅडमनी नकाशा मोठा केला. "टेम्पो नाल्यात उतरलाय?"

"शॉर्टकट असेल, मॅडम."

"शॉर्टकटला दोन तास?"

"भाजी धूत असतील."

"मग तुरीच्या शेतात शिरला. आणि तिथून एकदम सुसाट पळाला. का?"

मी घाम पुसत अंगणात धावलो. "काकू! फोन कुठं ठेवला होता?"

"म्हशीच्या शिंगाले बांधला होता."

"म्हशीच्या?! काहून?"

"डॉक्टरनं मले गोड बंद केलं नं! आन् माहा रोज जिलेबीच्या गाड्यावर मुक्काम असते. तुया फोननं काकाले सांगतलं असतं मंग?"

"आन् ते पळणं?"

"तूर खाल्ली म्हून उत्तमराव काठी घेऊन मागं लागला होता तिच्या."

परत येऊन पाहतो तर माइक चालूच! सगळे साहेब टेबलावर पालथे पडून हसत होते. एकट्या मॅडम गंभीर. "मॉडेल उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "फक्त वाहन बदला. आणि या वेळी फोनसोबत तुम्ही स्वतः बसा."

म्हणून हल्ली मी फोन धरून टेम्पोत मागे, कोथिंबिरीच्या पोत्यांवर बसतो. बसलोच आहे, तर पोती उतरवतोही. काल बाजारात एका व्यापाऱ्यानं विचारलं, "हा कोन वं, हिरीबाई?"

"नवा हमाल हाय," काकू म्हणाली. "जरा धिमा हाय, पन मोबाइल चांगला चालवते."