वर्तकभावजी आणि परतीचं पाणी

वर्तकभावजी कोणाच्याही घरी गेले की आधी नळीला हात लावतात, माणसं नंतर. दारात बूट काढायचे, नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ खिडकीखालच्या पॅनेलपाशी उकिडवं बसायचं, खालची नळी दोन बोटांत धरायची आणि डोळे मिटायचे. वैद्यबुवा नाडी बघतात तसे. मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "परतीचं पाणी काय म्हणतंय?"

सापोरोला हिवाळा काढल्याशिवाय हा प्रश्न कळायचा नाही. इथं बाहेर बर्फाच्या भिंती उभ्या राहतात, आणि घरात रॉकेलवर चालणारा बॉयलर पाणी तापवून खोल्याखोल्यांत फिरवतो. प्रत्येक खिडकीखाली पत्र्याचं एक पॅनेल. पाणी एका नळीनं त्यात शिरतं, खोलीला ऊब देतं आणि दुसऱ्या नळीनं बॉयलरकडे परततं. "जाणारं पाणी सगळ्यांचंच गरम असतं, वहिनी," भावजी म्हणतात. "खोलीला काय मिळालं, ते परतीचं पाणी सांगतं."

भावजी आमच्या ह्यांच्याच विभागात होते, विद्यापीठात. बर्फावर संशोधन करायचे. लग्न केलं नाही. "संशोधन बर्फावर आणि जीव गरम पाण्यावर, मग बायकोला जागा कुठे?" असं हे म्हणायचे.

मी लग्न होऊन पुण्याहून ह्याच घरात आले. तेव्हा ते भाड्याचं होतं आणि मला सगळं येत होतं. निदान माझी तशी ठाम समजूत होती. पॅनेल बघताक्षणी मी ओळखलं, की ही दही लावायची सोय आहे. एका पॅनेलवर दही, दुसऱ्यावर इडलीचं पीठ, तिसऱ्यावर ओल्या साड्या आणि उरलेल्यावर पोह्यांचे पापड. सगळ्या चाव्या मी सताड उघडून ठेवल्या. भाडं पूर्ण देतो, मग चावी अर्धी का उघडायची? परिणाम असा झाला, की न्हाणीजवळच्या खोलीत दही तासाभरात आंबायचं, आणि मागच्या खोलीत आमचे हे कानटोपी घालून, दोन ब्लँकेटं पांघरून वाचत बसायचे. मी निदान केलं: ह्यांची प्रकृतीच थंड. सुंठीच्या गोळ्या सुरू केल्या.

गोळ्यांचा उपयोग होईना, तेव्हा ह्यांनी भावजींना आणलं. त्यांनी माझी नारायणपेठ दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "वहिनी, हे पॅनेल आहे. दोरी नव्हे." मग पॅनेलच्या फटीत उतरलेलं इडलीचं पीठ जुन्या टूथब्रशनं खरवडत ते समजावू लागले.

"पंगत बसलीय समजा. वाढपी पातेलं घेऊन निघाला. पहिल्याच पाटावरचा माणूस 'वाढा, वाढा' म्हणत राहिला, तर शेवटच्या पाटापर्यंत काय पोचेल?"

"पातेलं," मी म्हणाले.

"रिकामं पातेलं. तुमचं न्हाणीजवळचं पॅनेल बॉयलरच्या सगळ्यांत जवळ, म्हणजे तो पहिला माणूस. त्याला जरा आवरायचं." एवढं बोलून त्यांनी पॅनेलच्या तळाशी असलेलं एक टोपण काढलं आणि छोट्या किल्लीनं आतला स्क्रू किंचित आवळला. मी दुसऱ्या पॅनेलकडे धावले, तर म्हणाले, "थांबा. पाणी विचार करतंय."

पाणी तासभर विचार करायचं. तोवर भावजी तिथंच जमिनीवर, अंगातला कोटही न काढता, चहा पीत आणि चिवडा खात बसायचे. मग सगळ्या खोल्यांच्या नळ्या चाचपायच्या, पुन्हा किल्ली, पुन्हा विचार. आणि निघताना दरवेळी तेच वाक्य, "एक खोली राहिली. पुढच्या शनिवारी."

पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, हे माझ्या चिवड्यासाठी येतात. दुसऱ्या हिवाळ्यात मला जे वाटलं ते लिहायला खरं तर लाज वाटली पाहिजे, पण आजी झाल्यावर तेवढी सवलत असते. मला वाटलं, हे माझ्यासाठी येतात. मी शनिवारी पावडर लावू लागले. शेवटी ह्यांना गंभीरपणे सांगितलं, "भावजींचं येणं जरा वाढलंय हं."

हे इतके हसले, की कानटोपी पडली. "अगं, मंगळवारी तो पाटलांकडे असतो आणि गुरुवारी रेड्डींकडे. तिथंही एकेक खोली राहिलेली असते!"

मला फार लागलं. भावजी त्या नळीकडे ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं आमच्या ह्यांनी माझ्याकडे आजतागायत बघितलेलं नाही. तेवढ्यावरून माझी गैरसमजूत झाली असेल, तर माझा काय दोष?

कामाशिवाय मात्र भावजी कुणाकडे जाणार नाहीत. दिवाळीच्या फराळाला बोलावलं तर विचारायचे, "काही बिघडलंय का?" नाही म्हटलं की येत नसत. "काम नसताना चारचौघांत बसून करायचं काय, वहिनी?"

पुढं पाटील पुण्याला परतले. रेड्डी मुलाकडे, तोक्योत फुनाबोरीला गेले. तिकडे भिंतीवरचा एसी गरम हवा फुंकतो, त्यात भावजींना काडीचाही रस नाही. राहता राहिला आमचा शनिवार.

मागच्या शरदात आमच्या निखिलनं, म्हणजे मुलानं, सगळ्या पॅनेलना नवीन डोकी बसवली. ती खोलीचं तापमान स्वतः मोजतात आणि चावी स्वतःच उघडतात, मिटतात. "आई, आता वर्तककाकांना खाली वाकायला नको," तो म्हणाला. मी इतकी खूश, की भावजी येताच त्यांना हाताला धरून खोली न् खोली दाखवली. म्हातारपणी शहाणपण येतं ही अफवा आहे.

त्यांनी सगळ्या नळ्या चाचपल्या. सगळीकडचं परतीचं पाणी सारखं. किल्ली खिशात ठेवली. "उत्तम. निखिल हुशार आहे," म्हणाले, आणि अर्धा चहा टाकून निघाले. कुठलीच खोली राहिली नव्हती.

त्या शनिवारनंतर ते आलेच नाहीत. मी फोन केला. "भावजी, या ना. गप्पा मारू."

"काही बिघडलंय का?"

"नाही हो."

"मग बरंय." त्यांच्या बॉयलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

फोन ठेवला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की एवढ्या वर्षांत दर वेळी एक खोली का राहायची. मी बैठकीच्या पॅनेलचं डोकं शून्यावर फिरवलं, त्यातले सेल काढले आणि गोड्या मसाल्याच्या डब्यात लपवले. पुन्हा फोन केला. "भावजी, बैठकीची खोली गार पडलीय."

"आलोच!"

आले. उकिडवे बसले, नळी धरली, डोळे मिटले. मग त्या डोक्याचं झाकण उघडून आतल्या रिकाम्या खाचेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेरचा बर्फ न्याहाळू लागले.

"वहिनी, ह्यातले सेल कुठे गेले?"

"त्यात सेल असतात?"

भावजींनी झाकण हळूच परत लावलं. बोटानं दोनदा दाबून नीट बसल्याची खात्री केली.

"अवघड आहे," ते म्हणाले. "एका शनिवारचं काम नाही हे."

"होऊ दे सावकाश," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे?"

ते उठले. कोटाची बटणं काढली, कोट अंगातून उतरवला आणि हातावर घेऊन बैठकीच्या मधोमध उभे राहिले, इकडंतिकडं बघत. इतकी वर्षं येतायत, पण आमच्याकडे पाहुणे कोट कुठं अडकवतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.