गिअरवाले गावंडेकाका

आमच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला चौथं घर गावंडेकाकांचं, आणि त्यांच्या फाटकासमोर स्पीडब्रेकर. स्पीडब्रेकर निगमनं बांधला, पण मालकी काकांची. सकाळी रसमड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या मोटरसायकली सुरू झाल्या की काका चहाचा कप घेऊन फाटकात उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गिअर सांगतात.

"दूसरा! अरे दूसरा डाल रे बाबू, इंजन रो रहा है!"

नवीन माणूस दचकतो. आपलं काही पडलं की काय म्हणून मागे बघतो. जुने मात्र मुकाट्यानं दुसरा टाकतात, कारण तिसऱ्यावर स्पीडब्रेकर चढवला तर संध्याकाळी परतताना काका तिथंच उभे असतात आणि त्यांना चेहरा आठवतो.

काकांनी अख्खी नोकरी स्टील प्लांटच्या गॅरेजमध्ये डंपरचे गिअरबॉक्स उघडण्यात घालवली. रिटायर झाल्यावर इथं रिसालीत घर बांधलं. डंपर तिकडेच राहिले, कान मात्र घरी आले. जेवताना रस्त्यावरून गाडी गेली की घास हातात धरून म्हणणार, "चौथ्यावर वळवून राहिला पाहा. आता बंद पडते." आणि ती बंद पडते! मी स्वतः दोनदा ऐकलंय. त्या वेळी काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते वरणात तूप जास्त पडल्यावरही नसतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "गाडीले विचारलं का?" गिअर बदलायच्या आधी गाडीला विचारायचं असतं म्हणे. ती आवाजात सांगते, तुम्ही ऐकायचं. ज्यानं विचारलं नाही तो माणूस कामाचा नाही, मग तो प्लांटात साहेब का असेना.

हे नुसतं बोलणं नाही हं. त्यांच्या पुतणीला बघायला दुर्गहून मुलगा आला होता. इंजिनीअर, दिसायला बरा, पोह्यांची दुसरी प्लेट मागून घेतलेली, म्हणजे सगळं जमल्यातच जमा. काकांनी त्याला गाडीची चावी दिली, "चला, एक चक्कर मारून येऊ." परत आले ते मान हलवतच.

"नाई जमत," आत येऊन भावाला म्हणाले. "पोरगं अर्धा क्लच दाबून ठेवते. धड सोडत नाई, धड दाबत नाई. उद्या आई अन् बायकोच्या मधातही असाच करन."

स्थळ मोडलं. मुलीनं नंतर मला सांगितलं, तिलाही तो पसंत नव्हताच, पण तेवढं कारण घरात कोण ऐकून घेणार!

आता एवढ्या थोर माणसाच्या शेजारी मी राहते आणि माझ्याकडे बिनागिअरची स्कूटी. विचार करा माझी काय पत असेल. मी शाळेत शिकवते. साडी, पर्स, वह्यांचा गठ्ठा आणि डब्याची पिशवी सांभाळून पायानं गिअर कोण टाकत बसेल? मी काकांना हे एकदा नीट समजावून सांगितलं. ट्रॅफिक किती वाढलंय, पाच पावलांवर क्लच दाबावा लागतो, गुडघे जातात, जग सगळं ॲटोमॅटिककडे चाललंय. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"संध्या," ते म्हणाले, "तुही गाडी नाई, चालती खुर्ची आहे. बस तू आरामानं. मी काई म्हणतो का?"

तेव्हापासून मी स्पीडब्रेकरवरून गेले की काका तोंड फिरवून कपात बघतात. मला गिअर सांगता येत नाही याचं त्यांना खरंच दुःख होतं.

काकांच्या घरात त्यांना गप्प करणारं एकच माणूस, सुमनकाकू. काकू बोलायला लागल्या की काका न्यूट्रल. गेल्या वर्षी काकूंना लकव्याचा झटका येऊन गेला. पाय सुधारला. जीभ तर इतकी सुधारली की आधीचं राहिलेलंही बोलून झालं. उजवा हात तेवढा रुसून बसला. व्यायामवाल्या डॉक्टरनं दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो दुसऱ्या दिवशी आमच्या पेरूच्या झाडाखाली सापडला.

"मी का लहान पोरगी आहो, चेंडू खेळाले?" काकूंनी कुंपणावरून मला विचारलं. डाव्या हातानं फेकला होता तरी नेम बरा होता. मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. उजवा हात पदराखाली होता. त्या दिवसांत तो कायम पदराखालीच असायचा. लग्नकार्य बंद, हळदीकुंकू बंद. कोणी विचारलं तर काका सांगायचे, "तिले गर्मी होते."

आणि मग एक दिवस गल्लीनं तो आवाज ऐकला.

खर्रर्रर्र!

काकांची पांढरी गाडी फाटकाबाहेरून निघत होती. मी भाजी चिरत होते, सुरी तशीच राहिली. आमचे हे पेपर टाकून बाहेर आले. गावंडेकाकांच्या गाडीचा गिअर खरखरला? दुसऱ्या दिवशी पुन्हा खर्रर्र. तिसऱ्या दिवशी गाडी मधेच बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्यानं काकांना, आमच्या काकांना, विचारलं, "नया सीखे हो क्या?"

पुढे तर गाडी आत लावणंच बंद झालं. पूर्वी काका फाटकातून एका दमात रिव्हर्स काढायचे, ते बघायला मुलं थांबायची. आता गाडी रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी, तोंड पुढे करून. दुकान चुकून मागे राहिलं तरी गाडी मागे घेणार नाहीत, देवळामागून अख्खा फेरा मारून येणार. स्पीडब्रेकरवाल्यांनी तर जुना सगळा हिशेब चुकता करायला घेतला. सकाळी एकेक जण ओरडून जायचा, "चाचा, दूसरा डालो!"

काका कपात बघत उभे राहत. एक दिवस ते फाटकात आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. स्वतःवरच चिडले, कारण पहिल्या दिवशी मीही हसले होते.

बातमी पुण्याला पोचली. काकांच्या मुलाचा, निखिलचा, मला फोन. "संध्याताई, पापा सुनते ही नहीं. आता वय झालं ना त्यांचं. मी ॲटोमॅटिक बुक करून राहिलो. फक्त हो म्हणायला लाव. ॲक्सिडेंट हो गया तो?"

त्याचं काही चूक नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना काकांकडे गेले. विषय काढते तोच काका म्हणाले, "हाव, वय झालं माझं. होते असं." इतक्या चटकन! हा माणूस मान्य करतो म्हणजे नक्की काहीतरी गडबड आहे.

"मग ॲटोमॅटिक घ्या ना, काका."

"नाई."

"का पण?"

 उशीर होत होता, स्कूटी काढायला गेले तर मागचं चाक बसलेलं. "काका, मला शाळेत सोडता?" काका गडबडले. काकूंकडे बघितलं. काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "घ्या तिले. घरचीच आहे. पण संध्या, बाहेर बोलशीन नको."

मी मागे बसले. काकूही निघाल्या आणि पुढे, काकांच्या डाव्या बाजूला बसल्या. काकांनी क्लच दाबला आणि हळूच म्हणाले, "पहिला."

काकूंचा पदर हलला. पदराखालून उजवा हात निघाला, गिअरच्या दांडीवर आला, आणि दांडी पुढे गेली. खर्र, पण गेली.

"शाबास. दुसरा."

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. डोळे रस्त्यावर. गाडी गुरगुरत होती, तिला केव्हाचा तिसरा हवा होता, ते मलासुद्धा कळत होतं. काका वाट बघत होते.

"चेंडू कायले दाबू मी," काकू पुढे बघतच म्हणाल्या. "हे काम त आहे. गाडी चालते याच्यानं."

"सगळे काकांना हसतात, काकू!"

"मीच म्हटलं, सांगू नका. हा हात पाहाले लोकं येतीन, च् च् करतीन. हे म्हणाले, बरं, मग माझ्यावरच हसू दे त्यायले."

 ज्या माणसाची सगळी अब्रू त्या दांडीत होती, त्यानं ती गल्लीसमोर रोज खरखरवून घेतली होती आणि वर "वय झालं" म्हणून सहीसुद्धा केली होती.

शाळेच्या अलीकडच्या बोळात समोरून वाळूचा ट्रॅक्टर आला. दोघांना जागा नाही. ट्रॅक्टरवाला त्याच्या बोलीत ओरडला, "का होगे कका, गाडी नइ हटत हे का?"

"रिव्हर्स," काका म्हणाले.

काकूंचा चेहरा उतरला. माझ्यासारख्या बिनागिअरवाल्यांसाठी सांगते, त्या गाडीत रिव्हर्स टाकायला दांडीवरची रिंग दोन बोटांनी वर ओढून धरायची आणि मग दांडी ढकलायची. दोन बोटं. तीच तर काकूंची ऐकत नव्हती. म्हणून तो देवळामागचा फेरा!

पहिल्यांदा रिंग सुटली. ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. दुसऱ्यांदा सुटली.

"काका, टाका ना तुम्ही!" मी म्हटलं.

"नाई. मी शब्द देला तिले. या दांडीले आता माझा हात लागत नाई." मग काकूंकडे न बघता, एकदम मऊ आवाजात, "घाई नाई, सुमन. तो थांबते. ट्रॅक्टरच आहे, कलेक्टर नाई."

काकूंना हसू आलं. हसता हसता बोटं वळली, रिंग वर गेली, दांडी ढकलली. काही आवाज नाही. खर्र नाही की खट् नाही. गावंडेकाका पूर्वी टाकायचे तसा.

काकांनी आरशात बघून गाडी मागे घेतली. बराच वेळ मागेच घेत राहिले, ट्रॅक्टर निघून गेला तरी. मला शाळेला उशीर होत होता, तो होऊ दिला. काका बाहीनं डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "गर्मी लय आहे आज."

उतरताना मी विचारलं, "निखिलला काय सांगू?"

"मले कायले विचारते? गाडीवालीले विचारलं का?"

"सांग त्याले, नको," काकू म्हणाल्या. "ॲटोमॅटिकमधी मी का हात बांधून बसू? अन् हे बाकीच्यायलेही सांग आता. मीच सांगते म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी फाटकातून रिव्हर्समध्ये बाहेर आली. सरळ, एका दमात. मग पहिल्यावर जाताना नेमकी खर्रर्र. स्पीडब्रेकरवरच्या मोटरसायकलवाल्यानं लगेच आवाज दिला, "चाचा, दूसरा डालो!"

काकांनी काच खाली केली. कितीतरी दिवसांनी त्यांचा तो फाटकातला आवाज गल्लीत घुमला. "मेरेको मत बोल रे बाबू! ड्राइवर उधर बैठी है, उसको बोल!"

मोटरसायकलवाल्यानं वाकून पलीकडे पाहिलं. काकूंनी पदर बाजूला सारला आणि त्याला उजवा हात दाखवला. खांद्यापर्यंतच उठला, पण उठला.