उणे सात अंशांतला घाम

"कोणीतरी खिडकी तिरकी ठेवलीय!"

हार्टमुट फ्लायडररने न्याहारीच्या टेबलावर मोबाइल असा आपटला, की उकडलेलं अंडं गार होऊ नये म्हणून घातलेली लोकरी टोपी खाली पडली. "पाहुण्यांच्या खोलीतला पारा रात्रभर उतरतोय. आई, तुम्ही?"

"मी कशाला?" सासूबाई पावाला लोणी फासत म्हणाल्या. "खिडकीतून बाहेर जायला ऊब आधी आत तर हवी ना, बाबा!"

आमच्या लिंडेनवेग गल्लीत हा आरोप साधा नाही. इथे सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, दात वाजेपर्यंत हवा खेळवायची आणि मग धाडकन बंद करायच्या, ही रीत. बाहेर बर्फ असो, अंगात ताप असो, घरात मयत असो, हवा खेळवलीच पाहिजे. पण खिडकी वरून फटीपुरती तिरकी करून दिवसभर ऊब बाहेर सोडणारा माणूस म्हणजे वाया गेलेला. त्याच्याशी लोक बर्फ उपसतानासुद्धा बोलत नाहीत.

हार्टमुट आयुष्यभर मोटारींचे सुटे भाग तपासण्याच्या खात्यात होता. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्याने घर तपासायला घेतलं. खोलीखोलीत काडेपेटीएवढे पांढरे सेन्सर लावले. ते सेन्सर तळघरातल्या एका डबीला बिनतारी खबर द्यायचे, डबी रेडिएटरच्या तोट्या उघडायची नि मिटायची, आणि हार्टमुट मोबाइलवर आलेख बघत बसायचा. बैठकीला वीस अंश, स्वयंपाकघराला अठरा, पाहुण्यांच्या खोलीला साडेअठरा. थंडी वाजते असं कोणी म्हटलं, की तो मोबाइल त्याच्या नाकासमोर धरायचा. "वाजत नाहीये. हे बघ."

यंत्राला दोन नियम त्याने स्वतः शिकवले होते. पारा झपकन उतरला, म्हणजे हवा खेळवणं चाललंय. तेवढा वेळ तोटी बंद. पण पारा पाचाच्याही खाली गेला, तर पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटायचा. तेव्हा मागचापुढचा विचार न करता तोटी पूर्ण उघडायची. हा दुसरा नियम माझ्या घरात कधी लागणारच नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. छाती ठोकायला त्याला कारण लागत नसे.

सासूबाई, म्हणजे आडेलहाइड आजी, डोंगरातल्या गावी एकट्या राहायच्या. घराचा जिना शिडीसारखा उभा. त्याच जिन्यावरून त्या लाकडांच्या टोपलीसकट घसरल्या होत्या, आणि दुपारी टपालवाला येईपर्यंत खालीच पडून होत्या. तेव्हापासून त्यांच्या लेकीच्या, गेर्लिंडेच्या, डोळ्याला डोळा लागला नव्हता. हातापाया पडून तिने आईला इथे आणलं होतं. "बघते," आजी म्हणाल्या होत्या. "पटलं तर राहीन, नाहीतर बॅग उचलीन." ती बॅग अजून उघडली नव्हती. पलंगाशेजारी कोट घातलेल्या पाहुण्यासारखी उभी होती, आणि गेर्लिंडेचा सगळा जीव त्या बॅगेत अडकला होता.

"शनिवारी मला गावी सोड गं," त्या सकाळी आजी लेकीला म्हणाल्या. "तिथे माझी शेगडी आहे. जावयाच्या राज्यात माझी बोटं निळी पडली."

गेर्लिंडेने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "आई त्या जिन्यावरून परत पडली, तर तुझा आलेख जाणार आहे तिला उचलायला?"

"साडेअठरा अंश हे झोपेसाठी शास्त्रोक्त—"

"ती गेली तर मीही तिच्याबरोबर जाते. मग बस तुझ्या साडेअठरात, एकटा!"

हार्टमुट घाबरला. खरंच घाबरला. पण म्हणून साडेअठराचे एकोणीस करणं त्याच्या तत्त्वात बसेना. त्याने सासूबाईंना गरम पाण्याची एक पिशवी आणून दिली आणि गल्लीतल्या घरमालक संघाच्या सभेला निघून गेला. फुटपाथवरचा बर्फ कोणी कुठवर उपसायचा यावर रात्री उशिरापर्यंत खल होता, आणि सभेत मोबाइल बंद ठेवायचा नियम हार्टमुटनेच करून घेतला होता.

इकडे आजींनी खिडकी सताड उघडली आणि रोजच्यासारखी आपली पिसांची रजई वाळत टाकावी तशी खिडकीच्या कठड्यावरून बाहेर लटकवली. अंथरुणाला वारा दिल्याशिवाय आमच्याकडे दिवस सुरू होत नाही. आता झालं असं होतं, की भिंत नुकतीच रंगवलेली म्हणून गेर्लिंडेने खिळा मारू दिला नव्हता. हार्टमुटने या खोलीतला सेन्सर पलंगाला चिकटपट्टीने लावला होता. पट्टी सुटली, सेन्सर रजईत पडला, रजईबरोबर बाहेर गेला, आणि आजींनी रजई ओढून खिडकी लावली तेव्हा बाहेरच्या कठड्यावर राहिला. बाहेर उणे सात. तळघरातल्या डबीला वाटलं, खोली गोठली. तिने दुसरा नियम लावला.

जेवणानंतर आजींनी शाल काढली. थोड्या वेळाने स्वेटर काढला. कॉफीच्या वेळी गेर्लिंडे वर आली, तर आई बाह्या दुमडून बसलेली, गाल लाल, आणि मनुकांच्या वेणीपावाचा दुसरा तुकडा हातात.

"शहाणा झाला की गं तुझा नवरा!" आजी म्हणाल्या. "मला वाटलं, जन्मात होणार नाही."

संध्याकाळी हवा खेळवायला खिडकी उघडली तेव्हा आजींना कठड्यावर ती काडेपेटीएवढी पांढरी वस्तू दिसली. त्यांनी ती आत आणून उशाशी ठेवली. रेडिएटर थंड पडत गेला. त्यांनी ती परत बाहेर ठेवली. रेडिएटर तापला. आजींनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या होत्या आणि एक हट्टी नवरा सांभाळला होता. कोणाला काय दाखवलं की तो काय करतो, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी चरबीत दाणे मळलेला लाडू जाळीत टांगला होता. त्यांनी लाडू काढला आणि त्या जागी सेन्सर घातला.

दुसऱ्या दिवशी हार्टमुटने मोबाइल बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुण्यांची खोली, उणे सात!

तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावला. जिना करकरला तशा आजींनी शाल गुंडाळली आणि चेहरा पाडला. दार उघडताच हार्टमुटचा चष्मा वाफेने आंधळा झाला. कपाळावर घाम आला, शर्ट पाठीला चिकटला.

"आई! अहो, गोठलात की हो तुम्ही!"

"सवय झाली," आजी क्षीण आवाजात म्हणाल्या.

"हार्टमुट, तुला घाम आलाय," गेर्लिंडे दारातून म्हणाली.

"काळजीने आलाय! इथे उणे सात आहे, दिसत नाही का तुला?" त्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला, आणि खाली जाऊन स्वतःसाठी कोट घेऊन आला.

आईने पडद्याआड जाळी दाखवली, तेव्हा गेर्लिंडे तोंडात घास असल्यासारखी गाल फुगवून उभी राहिली. मग तिला दिसलं की बॅग उघडी आहे आणि आईच्या घरात घालायच्या सपाता पलंगाखाली मांडून ठेवल्यात. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला सांगावं असं तिच्या मनात क्षणभरही आलं नाही.

हार्टमुटने आधी रेडिएटरची तोटी तपासली. तिला हात लावल्यावर बोट भाजलं, फुंकर मारत तो म्हणाला, "तोटी ठीक आहे. म्हणजे दोष भिंतीत." भिंतीला भोक असून त्यातून थंडी आत शिरते, या निष्कर्षावर येऊन त्याने डॉक्टर ऑटफ्रीड श्वेंक यांना बोलावलं. श्वेंक म्हणजे घरमालक संघाचा भिंती, ओल आणि बुरशी या विषयांतला शेवटचा शब्द. संघात त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे, आणि ते गप्प बसत नसत.

श्वेंक उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आले. कॅमेऱ्यात सगळी खोली लालभडक.

"सत्तावीस अंश," श्वेंक म्हणाले.

"उणे सात," हार्टमुट म्हणाला.

"माझा कॅमेरा कधी चुकत नाही, फ्लायडररसाहेब!"

"आणि माझा सेन्सर चुकतो काय, डॉक्टरसाहेब? मी स्वतः तपासून लावलाय!"

दोन शिकलेली माणसं घामाघूम होऊन भांडू लागली. कोट मात्र कोणी काढेना. कोट काढला तर सत्तावीस मान्य केल्यासारखं होईल, म्हणून हार्टमुट काढेना. आणि आधी यजमान काढेल मग पाहुणा, हा शिष्टाचार म्हणून श्वेंकही काढेनात. मग श्वेंकना तोडगा सुचला.

"पाणी आणा. खोली उणे सात असेल तर पाणी गोठेल. वाद मिटला!"

गेर्लिंडेने काचेच्या वाडग्यात पाणी आणून ठेवलं. दोघे कोटाची बटणं लावून वाडग्याच्या दोन बाजूंना बसले आणि पाण्याकडे टक लावून बघू लागले. आजी मध्ये विणकाम करत बसल्या.

"कडेला काहीतरी धरतंय," बऱ्याच वेळाने हार्टमुट म्हणाला.

"घाम आहे तुमचा. नाकावरून पडला," श्वेंक म्हणाले.

"थोडा केक देऊ का?" आजींनी विचारलं. "थंडीत खावंसं वाटतं."

आणि नेमकं तेव्हाच घात झाला. एक पिवळ्या पोटाचा पक्षी जाळीवर येऊन बसला, चोच मारली, टक्‌ असा आवाज आला, आणि तो चिडून ओरडू लागला. श्वेंक पक्षिप्रेमी मंडळाचेही अध्यक्ष होते. ते ताडकन उठले.

"लाडू दगडासारखा झालाय! चोच मोडेल बिचाऱ्याची!" असं म्हणत त्यांनी खिडकी उघडली, जाळी आत घेतली आणि त्यातून हार्टमुटचा सेन्सर बाहेर काढला.

हार्टमुटच्या हातातल्या मोबाइलवर आकडा चढू लागला. उणे चार. एक. नऊ. अठरा. वीस. रेडिएटरची तोटी कट्‌कन मिटली.

हार्टमुटने सेन्सरकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. आजींनी विणकाम खाली ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि पलंगाखालच्या सपाता उचलून बॅगेत टाकल्या. "घाबरू नकोस, जाते मी," त्या म्हणाल्या. "जिना काय, बसून-बसून उतरता येतो." बोलताना त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. गेर्लिंडेने ॲप्रनची गाठ सोडली आणि कपाटावरची स्वतःची बॅग खाली काढली.

साडेअठरा अंशांचं घर, सगळे आलेख सरळ, आणि न्याहारीच्या टेबलावर एकच अंडं. हे चित्र हार्टमुटला लख्ख दिसलं. त्याच्या आयुष्यात आकड्यावाचून दिसलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

"डॉक्टरसाहेब," तो घसा साफ करून म्हणाला, "तो सेन्सर जागेवर ठेवा. मीच लावलाय तो बाहेर."

"तुम्ही?" श्वेंकनी डोळे वटारले. "मग मघापासून आपण पाणी गोठायची वाट बघतोय ती?"

"तुमची परीक्षा घेत होतो. नवी पद्धत आहे. बाह्य मापन. सेन्सर आत ठेवला तर थंडी घरात शिरल्यावर घराला कळणार, हो की नाही? बाहेर ठेवला की आधीच कळतं."

श्वेंकनी जाळीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. एक तास कोट घालून पाण्याकडे बघत बसल्याची गोष्ट संघात गेली तर काय होईल, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर होताना दिसत होता.

"अर्थात," ते म्हणाले. "मला आल्याआल्याच लक्षात आलं होतं. म्हटलं, बघू तुम्ही कधी कबूल करता." त्यांनी सेन्सर परत जाळीत घातला, जाळी बाहेर टांगली आणि खिडकी घट्ट लावली. मग जाता-जाता गेर्लिंडेला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ही जाळी कुठल्या दुकानात मिळते हो? आमच्याकडेही असंच यंत्र आहे. बायको घरात टोपी घालून फिरते."

गेर्लिंडे उत्तर देईपर्यंत आजींनी सपाता पुन्हा पलंगाखाली मांडल्या होत्या. रिकामी बॅग त्यांनी जावयाच्या हातात दिली. "कपाटावर टाक रे. वर, मागे. हाताला येणार नाही अशी."

पुढच्या सभेत हार्टमुटने 'बाह्य मापन' या विषयावर व्याख्यान दिलं आणि श्वेंकनी त्याला दुजोरा दिला. आता आमच्या गल्लीत घरोघरी खिडकीबाहेर जाळ्या लोंबतात. पक्षी येतात, टक्‌ करून चोच मारतात आणि शिव्या देत पलीकडच्या गल्लीत जातात. पक्षिप्रेमी मंडळात त्यावर चौकशी बसली आहे, अध्यक्ष श्वेंकच.

फक्त हार्टमुटच्या अभ्यासिकेतला सेन्सर अजून आत आहे. निदान एक खोली तरी तत्त्वाने चालली पाहिजे, असं तो म्हणतो. तिथे तो दोन स्वेटर घालून आलेख बघतो, आणि अंधार पडला की "जरा वरचं मापन तपासून येतो" म्हणून सासूबाईंच्या खोलीत जातो. तिथल्या खुर्चीत बसतो, चष्मा पुसतो, आणि चष्मा हातात धरूनच घोरायला लागतो.

परवा तो आत शिरला आणि दार नीट लावायला विसरला.

"दार लाव आधी!" आजी विणकामातून मान वर न करता ओरडल्या. "ऊब बाहेर चाललीय माझी!"