बरणीतली बाळंतीण

सोमवारी सकाळी बायकोने एवढंच सांगितलं, की रविवारी तुमच्या आक्का राहायला येताहेत, त्याआधी झुरळांचं औषध मारणाऱ्याला फोन करा. नवऱ्याने फोन उचललाही. पण बावीस वर्षं नोंदणी कार्यालयात कारकुनी केलेला माणूस तो. अर्जदार कोण हे ठरल्याशिवाय कागद पुढे सरकवणं त्याच्या रक्तात नव्हतं. आधी झुरळ कुठल्या जातीचं ते पाहू, म्हणून त्याने फोन खाली ठेवला. (बायकोच्या मते त्याबरोबर अक्कलही.)

ग्रंथालयातून पुस्तक आलं, शेजारून भिंग आलं. न्हाणीघरातलं थोराड, तांबूस, ते अमेरिकन. ओट्यामागचं पेराएवढं, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा ओढलेलं, ते जर्मन. वाचता वाचता तो हरखत गेला. मुंडकं उडालं तरी हा प्राणी आठवडाभर जगतो. (आमच्या साहेबांचंही तसंच, असं तो म्हणाला, बायको हसली नाही.) जर्मन मादी तर अंड्यांची पेटी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत अंगाला लावून हिंडते, हे वाचून त्याचे डोळेच पाणावले.

बुधवारी अशीच एक पेटीवाली सापडली. त्याने तिला जॅमच्या बरणीत ठेवलं, जीव गुदमरू नये म्हणून झाकणाला दाभणाने भोकं पाडली, बिस्किटाचा चुरा घातला आणि ऊब मिळावी म्हणून बरणी फ्रिजच्या मागे सरकवली. माझ्या बाळंतपणात यातलं काहीही झालं नव्हतं, असं बायकोने शांतपणे सांगितलं.

शनिवारी सकाळी तो बघायला गेला. पेटी रिकामी होती. पुस्तकाप्रमाणे तीस-चाळीस पिल्लं असायला हवी होती; बरणीत तीन होती. बाकीची दाभणाच्या भोकांतून केव्हाच संसाराला लागली होती.

"जन्मल्या जन्मल्या वाट शोधली," तो भारावून म्हणाला. "आपला थोरला अजून शोधतोय."

बायकोने फोन उचलला. आक्कांना पुढच्या रविवारी यायला सांगितलं, आणि कारणही खरं तेच सांगितलं. मग औषधवाल्याला बोलावलं.

तो तासाभरात आला. नवऱ्याने त्याला दारातच गाठून रेघा, पेटी, ऊब सगळं समजावलं. इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं, असं औषधवाला मनापासून म्हणाला. नवऱ्याची छाती फुगली. मग औषधवाल्याने विचारलं, पिठाचे आणि साखरेचे डबे कुठले, तेवढे आधी बाहेर काढू.

नवऱ्याने एक डबा उघडला, त्यात बटणं निघाली. दुसऱ्यात मेणबत्त्या.

"त्यांना नका विचारू," बायको पुढे होत म्हणाली. "घरातली मी. ते झुरळांकडचे."