थरथरीचं पायडल

मालन नळावरून हंडा-कळशी घेऊन खोलीत आली तेव्हा तिचं शिलाई मशीन सतरंजीवर आडवं पडलेलं होतं. म्हणजे मशीनचं वरचं काळं धूड फक्त. खालचा लोखंडी सांगाडा, फळी, चाक आणि पायडल असा सगळा संसार खिडकीपाशी गेला होता, आणि तिचा नवरा त्याच्याखाली उताणा पडून पान्ह्यानं काहीतरी आवळत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"काय नाय गो. चार दिवसांचं काम आहे."

"कुणाचं? तुमचं की माझं? सहा ब्लाऊज शिवून द्यायचेत मला पुढच्या सोमवारी."

"शिवून झालेत ना? हुक-काजं राहिलीत, ती हातानंच करायची असतात," जयवंत सांगाड्याखालून म्हणाला. त्यानं आधीच सगळा विचार करून ठेवला होता. असल्या बाबतीत तो फार विचारी होता.

जयवंत परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, फिटर होता. बिघडलेलं असेल ते दुरुस्त करायचं आणि चालत असेल ते उघडून बघायचं, अशा दोन सवयी त्याला होत्या. पहिलीचा गिरणीला फायदा होता, दुसरी घरात येई. गिरगावातल्या एका गोवेकर वादकानं कंटाळून विकलेली हवाईयन गिटार त्यानं घेतली होती. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. तारांखाली त्यानं विजेच्या घंटीतलं वेटोळं बसवलं, तीन मेलेल्या रेडिओंमधून एक जिवंत ॲम्प्लिफायर उभा केला, आणि गिटार बोलू लागली. पण तिला थरथर येईना.

थरथर त्यानं लालबागच्या थिएटरात ऐकली होती. पडद्यावरची बाई नुसती खिडकीशी उभी होती आणि मागे गिटार अशी थरथरत होती की पुढच्या रांगेतला हमाल उपरण्यानं डोळे पुसत होता. त्या दिवसापासून जयवंतला दुसरं काही सुचेना. गोवेकर म्हणाला, त्याला परदेशी यंत्र लागतं. जयवंतनं रात्रपाळीत विचार केला. यंत्र करतं काय? आवाज भराभर लहान-मोठा, लहान-मोठा करतं. म्हणजे आवाजाचं बटण कुणीतरी सारखं पुढं-मागं फिरवलं की झालं. आणि खोटं कशाला सांगा, त्याचं म्हणणं बरोबर होतं. रेडिओतलं बटण काढून त्यानं ते सळईनं मालनच्या पायडलला जोडलं. पायडल वर गेलं की आवाज मोठा, खाली आलं की बारीक.

हा खटाटोप कुशाबासाठी होता. कुशाबा चाळीच्या कलापथकाचा म्होरक्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गल्लीगल्लीत चालू होत्या आणि सभेआधी कुशाबाची ढोलकी, पेटी, तुणतुणं हे ठरलेलं होतं. जयवंत आठ महिने त्याच्या मागे होता.

"जयवंता, पोवाड्यात गिटार म्हणजे पिठल्यात केक रे," कुशाबा म्हणायचा. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ठीक आहे. येत्या रविवारी आपल्या चौकात सभा आहे. आधी दहा मिनटं वाजव. एका तरी माणसाच्या डोळ्यात पाणी आण, की तू पथकात. नाय आलं, तर परत विचारायचं नाय."

चालत्या गिरणीत कुणाला काय ऐकू येतं? सगळा जन्म खडखडाटात गेलेला. आपण केलेला एक आवाज चार माणसांनी गप्प बसून ऐकावा, एवढंच जयवंतला हवं होतं, आणि ते त्याला फार हवं होतं.

सोमवारी पायडल सुरू केलं तर गिटारीऐवजी कढईत मोहरी पडल्यासारखा आवाज आला. चाळीत असा बिघाड एकट्याचा राहत नाही. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं, विजेचा दाब कमी आहे. समोरच्या आजींच्या मते दृष्ट लागली होती आणि त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्याही. तेलखात्यातल्या एकानं विचारलंसुद्धा नाही, मालनच्या कुपीतलं तेल त्या बटणात सोडलं. त्यानंतर मोहरी थांबली आणि गिटारही थांबली. मंगळवार बटण स्पिरिटनं धुण्यात गेला. बुधवारी सुटलेल्या तारेला कथलाचा नवा डाग दिला आणि आवाज स्वच्छ झाला.

गुरुवारी वेगळीच अडचण निघाली. जयवंतनं गिटार मांडीवर घेतली, पायडल मारायला सुरुवात केली, आणि पायाबरोबर मांडी, मांडीबरोबर गिटार उडू लागली. कांडी एकदा तारेवर, एकदा गुडघ्यावर.

"आता?" मालननं विचारलं. ती दारात भाजी निवडत मघापासून बघत होती.

"आता दुसरा पाय पाहिजे."

"आहे की तुम्हाला."

"दुसऱ्या माणसाचा, गो."

मालन बसली. तेरा वर्षं ती त्या पायडलवर होती. झोपेतही तिनं बाही लावली असती. पण ती नुसती बसली तर पाय हलेचना. हलला की अडखळे, थांबला की भलत्या जागी थांबे. जयवंत "एक-दोन, एक-दोन" करून दमला.

"मला नाय जमत तसं," ती शेवटी म्हणाली. "हातात कापड नसलं की पाय कशाला चालंल? त्याला कळायला नको, काय शिवायचंय ते?"

जयवंतनं तिच्या हातात एक ब्लाऊज दिला. मालननं सुईत दोरा ओवला, पहिला हुक धरला, आणि पाय आपोआप चालू लागला. सावकाश, एकसारखा. खोलीत गिटार थरथरली. जयवंत वाजवायचा थांबला आणि नुसता बायकोकडे बघत राहिला.

"ही ब्लाऊजची चाल," मालन मान वर न करता म्हणाली. "गोधडीची याच्या दुप्पट असते. पाहिजे असंल तर खूण करा."

शनिवारी रामजी मास्तर आले. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक आणि चाळीच्या समितीचे चिटणीस. माणूस देवमाणूस, पण भाषण सातवाहनांपासून सुरू करायचे. ते शिलाहारांपर्यंत आले की बायका उठत, यादवांपर्यंत आले की पुरुष. तीन वर्षांत मास्तरांचं भाषण मुंबईपर्यंत कधी पोचलं नव्हतं.

"जयवंत, कर्णेवाला नाही म्हणतो. उद्या पाच ठिकाणी सभा आहेत, त्याच्याकडे यंत्रं दोन. एक कर्णा आणि माईक तेवढा देतोय. तुझा तो डबा चालेल का?"

"चालंल की, मास्तर. गिटार आणि माईक दोन्ही एकातूनच काढतो."

दोन्ही एकातून, म्हणजे दोन्ही पायडलातूनही. हे जयवंतच्या लक्षात आलं नाही असं नाही. पाय थांबला की थरथर थांबते, एवढं सोपं होतं ते.

रविवारी चौक भरला. चार बाकं जोडून व्यासपीठ केलं होतं. एका कडेला मशीनचा सांगाडा, त्याच्यामागे मालन, शेजारी जयवंत. आणि समोर तीनशे माणसं. मालननं आजवर तीनशे माणसं एकत्र पाहिली होती ती नळावर, आणि तिथं कुणी तिच्याकडे बघत नसे. तिनं पदर नाकापर्यंत ओढला. ब्लाऊज मांडीवर तसाच राहिला. पाय थांबला, आणि थांबला तोही नेमका खाली, जिथं आवाज तळाला जातो.

जयवंतनं डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. दहा मिनिटं त्यानं जीव ओतला. कर्ण्यातून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी येत होतं. त्यानं "पाय, पाय" असं कुजबुजून पाहिलं; मालननं पाय अंगाखाली घ्यायला सांगताहेत असं समजून ते आणखी आवळून घेतले. शेवटी त्यानं कांडी ठेवली तेव्हा पुढच्या रांगेतून एकानं सांगितलं, "जुळवून झालं असंल तर सुरू करा आता."

कुशाबानं ढोलकी उचलली. "राहू दे, जयवंता," तो हळूच म्हणाला, आणि त्या हळू बोलण्यानंच जयवंतला जास्त लागलं.

पोवाडा झाला. मग मास्तर उठले. माईकशी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, सातवाहनांच्या काळी..." मागच्या बायकांनी चटया गोळा करायला घेतल्या. आता आपल्याकडे कुणी बघत नाही हे पाहून मालनला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाऊज द्यायचे होते. तिनं पहिला हुक धरला.

"...पैठणच्या त्या भूमीत," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज थरथरला.

गोळा केलेल्या चटया हातातच राहिल्या. मास्तरांना असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. कर्ण्यातून एकेक शब्द भरून येत होता, दाटत होता, खचत होता आणि पुन्हा उठत होता. सातवाहन गेले तेव्हा चौकात चुकचुक झाली. शिलाहारांच्या वेळी समोरच्या आजींनी पदर डोळ्याला लावला. स्वतः मास्तर पहिल्यांदा दचकले, कर्ण्याकडे बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि मग एकेक शब्द सावकाश बोलू लागले.

जयवंतनं मालनचा चालता पाय पाहिला. मालनला थांबवायलाच हवं होतं. तो बसल्या जागेवरून हात हलवू लागला, तळवा खाली करून, थांब, थांब. मालननं त्याच्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान डोलावली आणि गोधडीची चाल धरली.

यादव तर अक्षरशः हुंदक्यात बुडाले. आणि मग, तीन वर्षांत प्रथमच, मास्तरांचं भाषण मुंबईला पोचलं. "ही मुंबई," मास्तर म्हणाले, आणि आवाज असा काही कापला की तीनशे माणसं उभी राहिली. "झालाच पाहिजे" ची आरोळी पुढच्या गल्लीत ऐकू गेली. कुशाबा ढोलकीवर डोकं टेकून रडत होता. प्रभादेवीच्या समितीचा एक माणूस आला होता, त्यानं पाहुणा म्हणून मिळालेला हार मास्तरांच्या गळ्यात घातला आणि पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं.

घरी आल्यावर मालननं ब्लाऊज उलगडला. एकाच बाजूला एकोणीस हुक लागले होते.

"काय बोलले हो मास्तर," ती म्हणाली. "कुठं हात चाललाय तेच कळंना."

जयवंतनं तिला खरं काय ते सांगितलं. "मग डोळ्यात पाणी आणलं ते तुमच्या पायडलनं," ती म्हणाली. "जाऊन कुशाबा भावोजींना सांगा की."

"आणि मास्तरांचं काय? त्यांच्या जन्मात एक भाषण झालं, तेपण काढून घेऊ?" जयवंत म्हणाला. त्यानं गिटार कपड्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

सकाळी दारात मास्तर. हार अजून पिशवीत होता.

"जयवंत, पुढच्या रविवारी तुझा डबा प्रभादेवीला न्यायचा."

"नेऊ की, मास्तर."

"आणि हा सांगाडाही," मास्तर म्हणाले. मग जरा आवाज खाली आणून, "आणि सूनबाईंना म्हणावं, कापड मोठं घ्या. मला मुंबईनंतर थोडं पुढं जायचंय."

"मास्तर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौतीस वर्षं शिकवलंय मी. बाकाखाली कुणाचा पाय हलतोय ते मला फळ्याकडे तोंड करूनही कळतं. दुसऱ्या वाक्यालाच पाहिलं. म्हटलं, थांबवावं. पण लोक बसलेत हे पण पाहिलं." ते चष्मा पुसू लागले. "लोक कधी बसले नव्हते रे माझ्यासाठी."

मालन आतून बाहेर आली. हातात तो एकोणीस हुकांचा ब्लाऊज होता. ती एकेक उसवत होती.

"मास्तर, माझा पाय पाहिजे असंल तर यांची गिटार आधी. दहा मिनटं."

"सूनबाई, तिथं वेळ कमी असतो. पाच."

"मग मी हुक घरीच लावते."

"दहा," मास्तर म्हणाले.

पुढच्या रविवारी जयवंतनं सांगाडा डोक्यावर घेतला आणि गिटार मालनच्या काखेत दिली. प्रभादेवीची माणसं अजून सतरंज्या पसरत होती, पोरांना ओरडत होती, व्यासपीठाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मालननं पदर खोचला, कापड हातात घेतलं, पहिला हुक धरला. जयवंतनं कांडी तारेवर टेकवली. गिटार थरथरली, कर्ण्यातून, मोकळ्या हवेत, थिएटरातल्यासारखी.

दहा मिनिटांनी पथकाबरोबर आलेला कुशाबा शेजारी येऊन बसला. समोर सतरंजीवरून दोघांचं भांडण चाललं होतं. एकाचाही डोळा ओला नव्हता. मग त्यानं जयवंतकडे पाहिलं. जयवंत बाहीनं तोंड पुसत होता, आणि पुसून होत नव्हतं.

"चल, तू पथकात," कुशाबा म्हणाला.

"कुणी रडलं कुठं, कुशाबा?"

"एका तरी माणसाच्या डोळ्यात, एवढंच म्हणालो होतो मी," कुशाबा म्हणाला. "कुणाच्या ते कुठं ठरलं होतं?"

मालननं खाली मान घालून पुढचा हुक घेतला, आणि मास्तर माईकशी जायला उठले.