बापूकाकांची पोथी

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधले बापूकाका रोज सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, पाटावर बसून एक अध्याय वाचतात. राक्षस, चेटकिणी आणि उडत्या घोड्यांच्या कादंबरीचा! एसटीतून रिटायर झाल्यावर मेन रोडच्या रद्दीवाल्याकडे त्यांना हे पाच जाडजूड खंड मिळाले, आणि माणूस कामातून गेला.

एकदा माझ्या सासूबाई वाचन चालू असताना आत गेल्या. त्यांना वाटलं, भागवत. भक्तिभावानं हळदकुंकू वाहून आल्या. पहिल्या खंडावरच्या चेटकिणीच्या कपाळाला अजून कुंकू आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांचं ठरलेलं वाक्य, "ग्रंथात काय म्हटलंय?" पार्किंगमधल्या कुत्र्याला हाकलायचं ठरत होतं. काका उठले. "पुलावरच्या राक्षसाला ज्यानं भाकरी दिली, तोच पलीकडे गेला!" झालं, कुत्र्याला भाकरी सुरू. ती खाऊन ते आमच्याच वॉचमनला चावलं. मी जाब विचारला तर म्हणतात, "थांब माधवी, तिसऱ्या खंडात येईल."

पण चौथ्या खंडात भलतंच आलं. भरदुपारी काका पुस्तक छातीशी धरून माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"दोन भाऊ आहेत गं. मधे काचेची भिंत. दोघं एकमेकांना बघतात, पण आधी हाक कोणी मारायची? त्यातच थोरला मरतो."

"अरेरे. मग?"

"मग काय? भिंतीला दार होतं. थोरल्याच्याच बाजूला."

मला कळलं. काकांचे धाकटे भाऊ नाना येवल्याला असतात, पैठणी विणतात. काकांच्या मुलीच्या लग्नात मानपानाच्या यादीत सगळ्या सोयऱ्यांची नावं होती, सख्ख्या भावाचं राहिलं. टोपी-उपरणं मिळालं नाही म्हणून नाना भरल्या पंगतीतून उठून गेले. यादी काकांनीच केलेली, पण हे म्हणणार, "धाकट्यानं यावं." नऊ वर्षं झाली त्याला.

"मग जा की येवल्याला! माझं डोकं काय खाताय?" मी म्हटलं.

"एकटा नाही जाणार. तू चल."

एसटीत अख्खा रस्ताभर काकांची तालीम चालू. "हे बंधो! हा मुकुट तुझ्या चरणी ठेवतो!" पुढच्या सीटवरच्या बाईनं दोनदा वळून बघितलं.

"काका, येवल्यात असं बोललात तर लोक डॉक्टरला बोलावतील."

"ग्रंथातलं वाक्य आहे, माधवी. काना-मात्रा बदलायची नाही."

नानांनीच दार उघडलं. थेट काकांचंच नाक. मी मागे उभी, मुकुटाची वाट बघत. काकांचा हात पिशवीतल्या नव्या टोपी-उपरण्यावर, ओठ नुसते हलताहेत. पाच खंडांतलं एक अक्षर आठवेना बिचाऱ्यांना. मघापर्यंत मला हसू येत होतं, आता ते पळालं.

शेवटी कसंबसं म्हणाले, "नाना, भूक लागलीये रे."

नाना फणकाऱ्यानंच बोलले, पण आवाज फाटला.

"का? नऊ वर्षं काय उपाशीच होतास?"

"हो," काका म्हणाले.